पेटीसमोर पडलेली पांढरी पिल्लं

अनेक आशीर्वाद.

तुझा फोटो मोठा करून पाहिला. सातेरी मधमाश्यांच्या पेटीपुढे तीन पांढरे कोष, त्यातल्या एकाचे डोळे नुकते जांभळे झालेले, आणि पंख चुरगळलेली एक कोवळी माशी. ‘त्या आपलीच पिल्लं का मारतात?’ असं तू विचारलंस. पण बाहेर पडतात ती बहुतेक आधीच मेलेली असतात, नाहीतर जगण्यासारखी नसतात.

पिलाव्यात, म्हणजे पोळ्याच्या अंडी-अळ्या-कोष असलेल्या भागात, ३४-३५ अंशांची ऊब, अंधार आणि दाटी. अशा जागी एक अळी कुजली तर रोग शेजारच्या घरांत जायला वेळ लागत नाही. कामकरी माश्यांना घरावरच्या मेणाच्या बंद झाकणाखालचा बिघाड वासावरून कळतो. आधी त्या झाकण कुरतडतात, मग पिल्लू ओढून दारापर्यंत नेतात आणि जमलं तर तोंडात धरून दूर टाकून येतात. १९६४ साली रोथेनबुलर या शास्त्रज्ञाने दाखवलं की झाकण उघडणं आणि पिल्लू बाहेर काढणं या दोन वेगळ्या आनुवंशिक सवयी आहेत. काही वसाहतींतल्या माश्या झाकण उघडतात आणि पिल्लू तसंच सोडून देतात.

म्हणून मला काळजी वाटते ती दारासमोर झाडून घेतल्यासारखी स्वच्छता आणि आत खचलेली, भोकं पडलेली झाकणं असलेल्या पेटीची. थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूजन्य रोगाने १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतातल्या सातेरीचं अतोनात नुकसान केलं. त्या रोगातली अळी मी चिमट्याने उचलली आहे. डोकं झाकणाकडे वळलेलं, कातडी शाबूत, आत नुसतं पाणी. चिमट्याला पाण्याची पिशवी लोंबावी तशी ती येते. असं काही दिसलं की पोळ्याची ती चौकट त्याच पेटीत ठेवायची, दुसऱ्या पेटीत घालायची नाही.

नराच्या घरांचा मात्र न्याय वेगळा. सातेरीत तिथे कोळी, म्हणजे पिल्लांवर जगणारे बारीक परजीवी, फार झाले, तर माश्या झाकण उघडतच नाहीत. टणक टोपीखाली नर आणि कोळी दोघंही आतच संपतात. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ चौकट हातात धरून बसलो होतो.

तुझ्याकडच्या चुरगळलेल्या पंखांमागे कोळी पसरवतो तो विषाणू असू शकतो, पण गारठ्यानेही पंख असेच राहतात. गेल्या आठवड्यात गार वाऱ्यात पेटी किती वेळ उघडी ठेवली होतीस, ते खरं सांग. उपासमार झाली तरी त्या पिलावा टाकतात, तेव्हा मध-परागाचा साठाही बघ.

आता पेटीपुढची जागा झाडू नकोस. खाली एक पांढरा कागद अंथर आणि रोज सकाळी मुंग्या यायच्या आत मोज. मग झाकलेल्या पिलाव्यातली पन्नास घरं निवड, बारीक टाचणीने आतले कोष टोच आणि चोवीस तासांनी किती घरं रिकामी झाली ते पाहा. तुझ्या दोन्ही पेट्यांचे आकडे मला कळव. पुढच्या हंगामात नवी राणी कुठल्या पेटीतून तयार करायची, ते त्यावरून ठरवू.