टाचण्यांचा पुडा आणि चार पत्रं

मागच्या अंकात मी ॲबिगेल ॲडम्सचा ओझरता उल्लेख केला होता. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांची ही बायको. १७७५च्या जूनमध्ये नवरा फिलाडेल्फियाला, इंग्लंडविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसच्या बैठकीत बसलेला असताना तिने त्याला टाचण्यांचा पुडा आणायला सांगितला, एवढंच मी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. जमतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं देते. मी बँकेच्या काउंटरवर ३१ वर्षं काढली आहेत, त्यामुळे इतिहास वाचतानाही माझी नजर आधी हिशेबाकडे जाते. हे गृहीत धरूनच वाचा.

देशाचा जन्म होत असताना ही बाई टाचण्या मागते, याचं हसू आलं. एवढं काय अडलं होतं?
(एक वाचक, पुणे)

बरंच अडलं होतं. त्या काळी बायकांचे झगे अंगावर बसायचे ते टाचण्यांच्या जोरावर, आणि टाचण्या यायच्या इंग्लंडहून. वसाहतींनी इंग्लंडचा माल घेणं बंद केलं आणि बॉस्टनचं बंदर तर इंग्रजांनीच बंद करून टाकलं होतं. पूर्वी साडेसात शिलिंगांना मिळणारा पुडा वीस शिलिंगांवर गेला, तरी मिळेना, असं तिने १६ जूनच्या पत्रात लिहिलं आहे. तारीख लक्षात ठेवा. दुसऱ्याच दिवशी बॉस्टनजवळ इंग्रजांशी बंकर हिलची लढाई झाली. ती आपल्या सात वर्षांच्या मुलाचा, जॉन क्विन्सीचा, हात धरून घराजवळच्या पेन्स हिलवर चढली आणि तिथून दोघांनी लढाईचा धूर पाहिला. त्या लढाईत त्यांचे डॉक्टर जोसेफ वॉरन मारले गेले. या मुलाचं मोडलेलं बोट कापायची वेळ आली होती, ते याच डॉक्टरांनी वाचवलं होतं. आता हसू येतं का बघा.

नवरा वर्षानुवर्षं बाहेर. वकिली बंद. मग घर चालायचं कशावर?
(एक वाचक, डोंबिवली)

माझ्या आवडीचा प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार.

१७७८मध्ये ॲडम्स फ्रान्सला गेले, मध्ये काही महिने परतले, पुन्हा गेले. १७८४मध्ये ती स्वतः युरोपला पोचेपर्यंत नवराबायकोची भेट नाही. इकडे ब्रेनट्री या त्यांच्या गावचं शेत तिच्या अंगावर, मजूर मिळत नाहीत, कर वाढलेले, कागदी चलन रोज घसरतंय. पैसे पाठवायचे तर हुंडीत नुकसान. तिने नवऱ्याला सरळ कळवलं की पैशांऐवजी माल पाठव. मग हातरुमाल, रिबिनी, कापड, चहा असं समुद्रावरून येऊ लागलं आणि नातेवाइकांच्या हातून विकलं जाऊ लागलं. काही गलबतं इंग्रजांनी धरली. तिचा हिशेब तयार होता : तीनातलं एक पोचलं तरी मी फायद्यातच. जोखमीचं हे गणित आम्हाला प्रशिक्षणात फळ्यावर आकृत्या काढून शिकवायचे!

पुढे तिने सरकारी रोखे घ्यायला सुरुवात केली. सैनिकांचे पगार, पुरवठादारांची देणी यांपोटी दिलेले हे कागद लोक पडत्या भावात विकत होते. ॲडम्स मात्र जमिनीचे वेडे. आपल्याकडचे पुरुषही तसेच; शेअर म्हटला की कपाळाला आठी, गावाकडचा डोंगरउतार म्हटला की डोळ्यांत पाणी. रोखे घ्यावेत की जमीन, यावर त्या दोघांची पत्रापत्री वाचण्यासारखी आहे. १७९०मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांच्या योजनेने या जुन्या कर्जाची जबाबदारी सरकारने घेतली आणि ज्यांनी कागद धरून ठेवले होते त्यांचं भलं झालं. अर्थात, ज्या सैनिकांनी पोटासाठी आपले कागद कवडीमोलाने विकले होते, त्यांना त्यातलं काही मिळालं नाही. तेही सांगायला हवं.

तिचाही एक सौदा फसला असं म्हणता येईल. तिने व्हरमाँटमध्ये दीड हजार एकरांवर रान विकत घेतलं. नवऱ्याचं उत्तर आलं : व्हरमाँटच्या भानगडीत आणखी पडू नकोस. गंमत अशी की त्या खरेदीत नवऱ्याचं नाव आहे, मुलांची नावं आहेत, तिचं नाही. कायद्याने लग्न झालेल्या बाईचं काहीच तिचं नव्हतं. मिळवलेलं, वारशाने आलेलं, सगळं नवऱ्याचं. आपल्याकडच्या स्त्रीधनाइतकीही सोय नाही. तरी ती पत्रात 'जे पैसे मी माझे म्हणते' असं लिहायची. रोख्यांची कागदपत्रं तिचे काका कॉटन टफ्ट्स सांभाळत.

आणि १८१६मध्ये, सत्तरी उलटल्यावर, तिने मृत्युपत्र केलं. जे कायद्याने तिचं नव्हतंच ते तिने वाटून टाकलं : नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या बायका. नातवांना एक छदाम नाही. १८१८मध्ये ती गेली. तिच्यामागे ॲडम्स यांनी तो कागद फाडला असता तर कुठल्याही कोर्टाने त्यांना अडवलं नसतं. पण त्यांनी सगळं तिच्या इच्छेप्रमाणे होऊ दिलं. मला या गृहस्थाबद्दल खरा आदर वाटतो तो इथे.

'बायकांना विसरू नका' असं तिने लिहिलं तेव्हा नवरा काय म्हणाला?
(एक वाचक, नागपूर)

हसला. ती ३१ मार्च १७७६ला लिहिते की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. (त्याच महिन्याच्या एक तारखेला आपल्याकडे पुरंदरचा तह झाला होता. इंग्रज एकाच वेळी किती ठिकाणी गुंतलेले होते पाहा.) १४ एप्रिलच्या उत्तरात ॲडम्स म्हणतात की तुझ्या या अजब कायद्याचं मला हसूच येतं, पुरुष फक्त नावाचे धनी असतात. घरोघरी ऐकू येणारं हे उत्तर २५० वर्षं जुनं आहे, एवढं समजलं तरी पुष्कळ. तीही गप्प बसली नाही. ७ मेच्या पत्रात तिने त्याला सुनावलं की जगाला स्वातंत्र्य देता आणि बायकांवर मात्र अनिर्बंध सत्ता हवी म्हणता, हे काही उदारपणाचं नव्हे.

त्यांच्याकडे गुलाम होते का?
(दोन वाचकांनी विचारलं)

ॲडम्स दांपत्याने गुलाम विकत घेतले नाहीत. ॲबिगेलच्या वडिलांकडे, म्हणजे वेमाउथच्या धर्मोपदेशकांकडे, होते. त्यांतली फीबी नावाची बाई त्यांच्या मृत्युपत्राने मुक्त झाली आणि ॲबिगेल युरोपला गेली तेव्हा घराची राखण तिने आणि तिच्या नवऱ्याने केली. वॉशिंग्टन आणि जेफरसन यांच्या घरांचा हिशेब वेगळा आणि फार काळा आहे. त्यावर वेगळा अंक लागेल.

आम्ही मुलाकडे अमेरिकेला आलो असताना क्विन्सीचं घर पाहिलं. जॉन क्विन्सी अध्यक्ष झाला हे कळलं. बाकीच्या मुलांचं काय?
(एक वाचक, सध्या न्यू जर्सी)

जॉन क्विन्सी दहाव्या वर्षी बापाबरोबर समुद्रापार गेला, चौदाव्या वर्षी रशियात अमेरिकेच्या दूताचा सचिव झाला. त्याचं सगळ्यांना ठाऊक. सुझॅना दीड वर्षाचीही झाली नाही. १७७७मध्ये एक मुलगी मृत जन्मली. नवरा तेव्हाही फिलाडेल्फियातच. थॉमस वकील झाला. थोरली नॅबी, तिने लंडनमध्ये बापाच्या सचिवाशी लग्न केलं. जावई पैशांच्या बाबतीत बेभरवशाचा निघाला. १८११मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी तिच्यावर आईबापाच्या घरी शस्त्रक्रिया झाली, भूल नावाची गोष्टच नसताना. दोन वर्षांनी ती त्याच घरी वारली.

आणि चार्ल्स. सगळ्यांचा लाडका, नऊ वर्षांचा असताना युरोपला नेलेला आणि घरच्या ओढीने लवकर परत पाठवलेला. पुढे दारूत बुडाला. बापाने त्याचं तोंड पाहणार नाही असं ठरवलं आणि पाहिलं नाही. १८००च्या नोव्हेंबरात ॲबिगेल नव्या राजधानीला जात होती, तेव्हा वाटेत न्यूयॉर्कला त्याला भेटली. २१ तारखेला तिने अर्धवट बांधलेल्या व्हाइट हाउसमधून नॅबीला ते प्रसिद्ध पत्र लिहिलं : मोठं दिवाणखाना-दालन अजून अपुरं आहे, मी तिथे कपडे वाळत घालते. हे वाक्य लोक गंमत म्हणून सांगतात, मीही सांगत असे. चार्ल्स ३० तारखेला गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याची चार वर्षांची सुझॅना त्या हिवाळ्यात आजीजवळ होती, त्याच घरात.