पाळी जायची वेळ आली म्हणून किती सोसायचं?

प्रश्न : डॉक्टरताई, मी ४६ वर्षांची, देवगडजवळ राहते, काजूच्या फॅक्टरीत कामाला आहे. वर्षभर पाळीने अगदी जीव नकोसा केलाय. कधी वीस दिवसांत येते, कधी दोन महिने पत्ताच नाही, आणि आली की दोन-तीन दिवस भसाभस जातं, मोठमोठ्या गाठी पडतात, कंबर-पोट इतकं दुखतं की उभं राहवत नाही. दर महिन्याला खाडे होतात. आता घाटी चढतानाही दम लागतो. सासूबाई म्हणतात पाळी जाताना असंच होतं, सोसायचं. शेजारीण म्हणते पिशवी काढून टाक, कटकटच नको. काय करू?

उत्तर : ताई, सोसायचं तर अजिबात नाही, आणि पिशवी काढायची घाईही नको, आधी हे कशामुळे होतंय ते कळू दे.

सासूबाईंचं थोडं बरोबर आहे. चाळिशीनंतर दर महिन्याला बीज तयार होईलच असं नाही, ते झालं नाही की प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन कमी पडतं, पिशवीचं आतलं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम भरपूर जातं. पण तुम्हाला दुखतंयही खूप, म्हणून मला फायब्रॉइडची, म्हणजे पिशवीतल्या गाठींची शंका येते, किंवा अ‍ॅडेनोमायोसिसची, यात अस्तरासारखा भाग पिशवीच्या स्नायूत वाढतो, पिशवी सुजते आणि पाळीत जबरदस्त कळा येतात. शिवाय पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, असू शकतो, थायरॉइड असू शकतो, तांबी बसवली असेल तर तिच्यामुळेही जास्त जातं. वय ४५ च्या पुढे आणि पाळी अशी बिघडलेली म्हटल्यावर अस्तराचा तुकडा तपासून घ्यावाच लागतो, त्यात कॅन्सर किंवा त्याच्या आधीचे बदल नाहीत ना हे बघतात. घाबरू नका, बहुतेकींचा रिपोर्ट साधाच येतो, पण न बघता सोडायचं नाही.

दम लागतोय तो रक्त कमी झाल्यामुळे असणार. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि अंगावर काढणाऱ्या बायका माझ्याकडे सात-आठवर आल्यावर येतात याचं मला खरंच वाईट वाटतं. नाचणी, कुळीथ खाच, पण एवढं गेलेलं रक्त नुसत्या जेवणाने भरून निघत नाही, लोहाच्या गोळ्या लागतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तासभर तरी लांब ठेवा, आणि हिमोग्लोबिन वर आलं तरी तीनेक महिने चालू ठेवा.

ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासा, थायरॉइडही सांगा, पाळी चुकते म्हणून प्रेग्नन्सी टेस्टही करतील, त्याला लाजू नका. सोनोग्राफी तिथे नाही झाली तर ओरोसला जिल्हा रुग्णालयात. जाताना पाळीच्या तारखा आणि किती पॅड लागले ते लिहून न्या, नाहीतर तिथे नीट आठवत नाही.

पिशवी काढणं हा शेवटचा उपाय. त्याआधी ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, रक्तस्राव कमी करतात (पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर चालत नाहीत, डॉक्टरांना आधी सांगा), हार्मोनच्या गोळ्या आहेत, आणि पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, ते काही वर्षं काम करतं आणि अ‍ॅडेनोमायोसिसमध्ये दुखणंही कमी करतं. ऑपरेशन करायचंच ठरलं तर बीजकोश राहणार की काढणार हे आधी विचारा, कारण तेही काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम सुरू होतो आणि हाडंही लवकर ठिसूळ होतात. शेजारणीला कशासाठी काढावी लागली ते तुम्हाला माहीत नाही, तिच्यावरून ठरवू नका.

एक मात्र लक्षात ठेवा, सलग दोन तास दर तासाला पॅड भिजून जातंय, चक्कर येतेय, छाती धडधडतेय असं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच १०८ ला फोन करा.

आणि सासूबाईंना हे वाचून दाखवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर त्यांना कधी थोडं जरी अंगावरून गेलं असेल, नुसता डाग का असेना, तर त्यांनाही सोबत घेऊन या तपासायला.