परतीची तारीख नसलेला प्रवास

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातला. पुण्यातील सॉफ्टवेअरची नोकरी सोडून बरेच महिने आग्नेय आशियात एकटा फिरतो आहे. सध्या उत्तर व्हिएतनाममध्ये सापा येथे आहे. रोज रात्री वहीत पुढच्या आयुष्याचे बेत लिहितो. कधी वाटते, तालुक्यातल्याच कणकुंबीकडे होमस्टे काढावा. कधी वाटते, पुन्हा पुणे गाठावे. कधी तर परतूच नये असे वाटते. यातला कोणता बेत खरा मानावा? बाबा फोनवर एवढेच विचारतात, ‘कधी येणार?’ शिवाय जमिनीच्या वाटणीच्या कागदांवर माझी सही हवी आहे.
– एक वाचक

उत्तर : सहीचा प्रश्न सोपा आहे, तो आधी निकालात काढू. हनोई येथील भारतीय दूतावासात वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र साक्षांकित करून घेता येते. ते कर्नाटकात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते, आणि नेमकी हीच मुदत लोक विसरतात. मसुदा खानापुरातल्या वकिलाकडून करून घ्या आणि दिलेले अधिकार पहाणी, म्हणजे जमीननोंदीच्या, उताऱ्यावरील सर्व्हे नंबरांपुरते व वाटणीपुरतेच ठेवा. सर्व व्यवहारांचे मोघम अधिकार लिहून देणे म्हणजे भाऊबंदकीला आवतण देणे होय.

आता वहीकडे वळू. प्रवासात बेत भराभर सुचतात, कारण तेथे तुमच्याकडे कोणी काही मागत नाही. व्हिएतनामने ऑगस्ट 2023 पासून ई-व्हिसाची मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवली. ती संपत आली की माणूस लाओसचे तिकीट काढतो आणि आपण काहीतरी ठरवले असे समाधान मानतो, वास्तविक ते व्हिसाने ठरवलेले असते. म्हणून वहीतली पोट बिघडलेल्या, कंटाळलेल्या, पैशांची ओढाताण झालेल्या दिवसांची पाने आधी वाचा. अशा दिवशीही जो बेत पुन्हा उगवलेला दिसेल, तेवढ्याचाच पुढे विचार करावा, असे माझे मत आहे. तो होमस्टेचाच निघाला, तर त्याची परीक्षा सापातच घेता येईल. पुढचे गाव गाठण्याऐवजी एकाच घरी महिनाभर राहा. यजमानीण पहाटे उठते तेव्हा उठा, चादरी धुण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत तिच्या कामाला हात लावा आणि पाहुणे नसतात त्या महिन्यांत घर कशावर चालते, हे तिला विचारा. डोंगरउतारावरची भातशेती पाहून मनात आलेला धंदा चादरी पिळताना टिकतो का, ते तेथेच कळेल.

वडिलांच्या प्रश्नाचा मात्र तुम्ही चुकीचा अर्थ लावत आहात, अशी शंका येते. आपल्या भागात मुलगा दूर असणे नवे नाही. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि फौजेत माणूस असलेली घरे गावोगाव आहेत. ती घरे वर्षानुवर्षे विरह सोसतात, कारण रजा कधी मिळणार याचा अंदाज त्यांना असतो. त्यावर पेरणी, बारसे, घराची कौले बदलणे, सगळे बेतता येते. तुमचे वडील तुम्हाला बोलावत असतीलच असे नाही. त्यांना एक तारीख हवी आहे. कायमचे परतायचे की नाही हे न ठरवताही तारीख देता येते, आणि ती पाळलीत तर पुढच्या प्रवासाची परवानगीही निम्मी मिळालेली असेल.

ती तारीख दिवाळीची देऊ नका. दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले आणि रान हिरवे असते, तेव्हा कोणताही बेत शक्य वाटतो. आषाढात या. गोव्यात उतरून चोर्ला घाटाने आलात, तर घरी पोहोचण्याआधी कणकुंबी लागेल. तेथे थांबून पावसात वीज किती वेळ जाते, पाहुणा आजारी पडला तर दवाखाना किती दूर, भीमगड अभयारण्याच्या परिसरात बांधकामाला वनखात्याची कोणती अट आहे, याची चौकशी करा आणि मग जांबोटीवरून घरी जा.