मधल्या शांततेवर विसंबू नका

सात महिन्यांचं बाळ सकाळपासून थांबून थांबून रडतंय, दोनदा उलटी झाली, दुसरी हिरवट होती. गॅस असेल का, उद्यापर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. आत्ताच निघा, शक्यतो सोनोग्राफी आणि लहान मुलांचे सर्जन दोन्ही असतील अशा हॉस्पिटलात. निघण्याआधी फक्त शेवटचा परिच्छेद वाचा, बाकीचं वाटेत.

मी डॉक्टर नाही. माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिच्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरला होता. ३ महिने ते ३ वर्षं या वयात आतडं अडण्याचं हे नेहमीचं कारण. ती अचानक किंचाळायची, पाय पोटाशी घ्यायची, पांढरीफटक पडायची. दोन-तीन मिनिटांत सगळं थांबायचं आणि ती चक्क खेळायची. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. 'खेळतेय की' म्हणत आम्ही अर्धा दिवस घालवला. संध्याकाळी ती खेळेना, हाक मारली तरी मलूल पडून राहिली. तेव्हा कुठे आम्ही धावलो.

शी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका; अडथळ्याच्या पुढची शी बाहेर येतच राहते. रक्त-शेंबूड मिसळलेली लाल जेलीसारखी शी तर बरेचदा उशिरा दिसते, काही बाळांना दिसतही नाही. तिची वाट पाहणं म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटायची वाट पाहणं. वेळेत पोचलं तर शीच्या जागेतून नळीने हवा किंवा सलाईन सोडून आतडं बहुतेकदा मागे सरकवता येतं. आमचं तसंच सुटलं, ऑपरेशन लागलं नाही.

हिरव्या उलटीला मात्र वयाची अट नाही. नवजात बाळात तर आतड्याला पीळ पडल्याची शंका आधी घ्यायची, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची पांढऱ्या दुधाची, लांब उडणारी उलटी आणि लगेच पुन्हा भूक, हे वेगळं दुखणं. तेही त्याच दिवशी दाखवायचं. जन्मल्यावर ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही, तरीही.

निघताना लंगोट काढून जांघेत कडक गाठ (आतडं तिथे अडकल्याची खूण) दिसते का पाहा. वाटेत काही पाजू नका, शेवटचं दूध कधी घेतलं ते लक्षात ठेवा. उलटी लागलेलं कापड आणि शेवटचा डायपर पिशवीत घ्या. आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य 'बाळ रडतंय' असं नको. 'हिरवी उलटी झालीय' हे आधी सांगा.