वाचकांचे प्रश्न : आर्थर सीटचा कडा आणि सावित्रीचे खोरे

प्रश्न : दिवाळीनंतर महाबळेश्वरला जाण्याचा आमचा बेत आहे. आर्थर सीटवर डावीकडे छाती दडपून टाकणारा कडा आणि उजवीकडे झाडीने भरलेली बेताची दरी दिसते. एकाच डोंगराच्या दोन बाजूंत एवढा फरक कसा? तेथून खाली टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याने वर परत येते, त्यामागील कारण काय? सोबत सासूबाई असतील आणि त्यांचे गुडघे दुखतात. कोणती वेळ निवडावी?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण ज्याला एक डोंगर म्हणता, ती खरे तर पाणी विभागणारी धार आहे. डावीकडे सावित्रीचे खोरे आणि उजवीकडे जोरची दरी, म्हणजे कृष्णेच्या अगदी वरच्या टप्प्याचे पाणलोट क्षेत्र. धारेच्या पश्चिमेला पडलेला पाऊस सावित्रीतून बाणकोटच्या खाडीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला पाऊस वाई, कराड, सांगली असा सुमारे 1,400 किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतो. आपण विचारलेला फरक या अंतरातून निर्माण झाला आहे. हा कडा समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. कृष्णा वाईला येते तेव्हाही ती सातशे मीटरच्या वर असते, कारण उरलेली उंची उतरायला तिच्यापुढे अख्खे दख्खनचे पठार पडलेले आहे. सावित्री मात्र पोलादपूरपर्यंत पोचतानाच जवळजवळ समुद्रसपाटीलगत आलेली असते. एवढ्या तीव्र उतारावरून धावणारे पाणी खडक झपाट्याने कापते, पायथा पोखरते, वरचा भाग ढासळतो आणि कडा उभाच्या उभा राहून हळूहळू पूर्वेकडे सरकत जातो. सह्याद्रीची पश्चिम बाजू जवळपास सर्वत्र अशी तुटलेली दिसते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

कड्याकडे नीट पाहिल्यास त्यावर आडवे पट्टे दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. त्यांतील कठीण थर सरळ तुटतात, तर ठिसूळ थरांच्या जागी अरुंद पायऱ्या तयार होऊन त्यांवर गवत वाढते. दिवाळीच्या सुमारास हे गवत पिवळे पडू लागते आणि काळ्या पाषाणावर ते पट्टे फार उठून दिसतात. माझ्या मते पावसाळ्यातील धबधब्यांपेक्षा हे दृश्य अधिक पाहण्यासारखे आहे, कारण त्यात डोंगराची रचना वाचता येते.

वस्तू परत येण्यामागे चमत्कार नाही. पश्चिमेकडून येणारा वारा खोऱ्यातून सरळ कड्यावर आदळतो आणि पुढे जायला वाट नसल्यामुळे वर वळतो. उन्हाने तापलेल्या उतारावरील हवाही वर चढत असल्याने त्याला जोर मिळतो. वारा पडलेला असेल तर काहीच परत येत नाही, हेही लक्षात ठेवावे. हा प्रयोग दाखवण्यासाठी बाटल्यांची झाकणे फेकण्याची खोड पर्यटकांना लागली आहे. त्यांतील कित्येक झाकणे परत येत नाहीत आणि खालच्या जंगलात कायमची पडून राहतात. मुलांना दाखवायचेच असेल तर वाळलेले पान पुरेसे आहे.

या ठिकाणाला आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचे नाव आहे. त्यांची पत्नी आणि मुलगी सावित्रीच्या मुखाशी नाव बुडून मरण पावल्या आणि ते येथे बसून त्या नदीकडे पाहत राहत, असे सांगितले जाते.

वेळेविषयी सांगायचे तर नोव्हेंबर उत्तम. पावसाळ्यात धुक्यामुळे पुढचा माणूसही दिसेनासा होतो आणि घाटरस्त्यांवर दरडी कोसळण्याची भीती असते. जुलै 2021मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा खाली महाड शहर पुराने वेढले गेले होते. एप्रिल-मेमध्ये हवा धुरकट असते. कडा पश्चिमाभिमुख असल्याने त्यावर सकाळी सावली आणि दुपारनंतर ऊन असते. खडकाचे थर पाहायचे असतील तर दुपारी तीननंतर जावे. दूरचे डोंगर आणि किल्ले पाहायचे असतील तर सकाळची स्वच्छ हवा बरी.

सासूबाईंसाठी एक सूचना. वाहनतळापासून पुढे बरेच चालावे लागते आणि वाटेत पायऱ्याही आहेत, त्यामुळे शेवटच्या टोकापर्यंत नेण्याचा आग्रह धरू नये. वाटेवरील दुसऱ्या एखाद्या पॉइंटवरूनही खोरे दिसते. तेथे त्यांना निवांत बसू द्यावे, मात्र घरातील एकाने सोबत थांबावे, कारण माकडे हातातील पिशवी हिसकावतात. टोकाशी गेलेल्यांनी छायाचित्रासाठी कठडा ओलांडू नये. कडेचा दगड वरून भक्कम दिसला तरी खालून पोखरलेला असू शकतो.