वाचक विचारतात : नडगीवर एक बोट फिरवून बघ

(सैन्यात मी बावीस वर्षं नर्सिंग असिस्टंट होतो. आता औसा तालुक्यात शेती बघतो आणि पहाटे मैदानावर भरतीच्या पोरांचे सुजलेले पाय. या वेळची पत्रं बहुतेक फौजेचीच आहेत.)

प्रश्न : मी १९ वर्षांचा, केज तालुक्यातला. दोन वर्षं भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर सहा मिनिटांच्या आत येईना. अकादमीतले सर पाठीवर वाळूची बॅग देऊन डांबरीवरून पळवतात. महिना झाला, उजवी नडगी ठणकते. थांबलो तर मागं पडतो. बाहेरच्या देशांत सैनिकाची ताकद वाढवायचं संशोधन चालतं म्हणे. त्यातलं आपल्याला काही करता येईल का?

उत्तर : येईल की. पण आधी बाजेवर बस आणि नडगीवरून एक बोट वरून खाली फिरव. दुखणं वीतभर पसरलेलं असेल, पळून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर थोडी विश्रांती घेऊन बरं होईल. पण रुपयाएवढ्या एकाच जागी बोट टेकलं की कळ डोक्यात जात असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. मग पळणं आजपासून बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडं जायचं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. ‘फोटो क्लिअर आहे’ म्हणून दुसऱ्या दिवशी बूट घालू नको.

तू संशोधनाचं विचारतोस, तर हे फौजेतलं फार जुनं संशोधन आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं लांब कूच करून आलेल्या शिपायांचे सुजलेले पाय नोंदवून ठेवले. कुणी पडलं नाही, कुणाला मार लागला नाही, तरी पाय सुजलेले. आत हाड मोडलंय हे कळायला एक्स-रेचा शोध लागावा लागला, म्हणजे आणखी चाळीस वर्षं गेली. हाडावर नवा भार आला की शरीर आधी जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथं नवं भरतं. आपल्याकडं माळवदाच्या घराची भिंत दुरुस्त करताना ढिला दगड आधी काढतात ना, तसं. काढायला वेळ लागत नाही, बसवायला लागतो. मधल्या दिवसांत त्या भिंतीवर चढायचं नसतं, आणि तुझे सर नेमकं तेव्हाच तुझ्या पाठीवर वाळू देतात.

तर बॅग उतरव. पाय बरा झाल्यावर मुरमाड पांदणीनं पळ. उन्हाळ्यात काळ्या रानात नको, भेगांत घोटा मुरगळतो. अंतर थोडं थोडं वाढव, आठवड्यातून एक दिवस अजिबात पळू नको. सहा मिनिटांच्या आत यायचं तर रोज १६०० मीटर जीव काढून पळणं हा मार्ग नाही. चारशे मीटर जोरात, मग चालत दम घेणं, असे चार-पाच फेरे आठवड्यातून दोनदा पुरतात. बाकीचे दिवस सोबत्याशी बोलता येईल एवढ्याच वेगानं.

आणखी एक. पत्राच्या खाली तू ‘रात्री साडेबारा’ लिहिलंयस आणि उठतोस चारला. अमेरिकेच्या सैन्यानं २०२० मध्ये तंदुरुस्तीचं नवं नियमपुस्तक काढलं, त्यात झोपेला व्यायामाच्या आणि जेवणाच्या रांगेत बसवलंय. एवढ्या प्रयोगशाळा, एवढा पैसा, आणि निघालं काय, तर लेकरा झोप! तुझी आजी हे फुकट सांगत असेल.

प्रश्न : भरतीच्या आदल्या दिवशी घ्यायचं इंजेक्शन मिळतं. घ्यावं का? (जिंतूर)

उत्तर : नाही. मैदानाबाहेर मोटरसायकलवर बसून सुई विकणारा माणूस तुला दवाखान्यात भेटायला येत नसतो.

प्रश्न : आता जवानांना पडद्यासमोर खोट्या बंदुका देऊन शिकवतात. ते खऱ्या लढाईत टिकतील का? (एक शिक्षक, परभणी)

उत्तर : सर, खोट्या यंत्रावर शिकणं नवीन नाही. १९२९ मध्ये एडविन लिंक या अमेरिकन माणसानं विमान चालवायला शिकवणारी लाकडी पेटी केली. त्याच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता, त्यामुळं ते खोटं विमान हलायचं भात्यांवर. आपल्या भजनातल्या पेटीचा असतो तसाच भाता. सुरुवातीला लोकांनी ती जत्रेतल्या पाळण्यासारखी वापरली. १९३४ मध्ये अमेरिकेत धुक्या-बर्फात टपाल नेताना लष्करी वैमानिक मेले, तेव्हा सैन्यानं तशा सहा पेट्या घेतल्या.

माझं स्वतःचं सांगतो. माझी गोळी कायम उजवीकडं खाली जायची. दहा वर्षं मी श्वासाला दोष दिला. सिम्युलेटरवर बसवलं तेव्हा नळीचा माग पडद्यावर रेघेसारखा उमटला : श्वास जागेवर, आणि ट्रिगर दाबायच्या क्षणी रेघ टुणकन खाली. बोट हिसडा देत होतं. उस्ताद म्हणाले, “बघ तुझी सही.” पण पहिल्या काही तासांत यावर जेवढा फायदा होतो तेवढा पुढं होत नाही, आणि पडद्यावर चिखल नसतो, भीतीही नसते. ती रेंजवर आणि डोंगरातच शिकावी लागते.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा लेहला पोचून चार दिवस झाले. फोनवर म्हणतो, नुसतं बसवून ठेवलंय, थोडं चालायला लावतात. त्याला काही शिक्षा झाली का? (एक आई, औसा)

उत्तर : ताई, शिक्षा नाही, तीच त्याची ड्यूटी आहे. आपला भाग दोन हजार फुटांवर, लेह साडेअकरा हजारांवर. १९६२ नंतर आपले जवान घाईनं उंचावर नेले गेले आणि पुष्कळजण आजारी पडले. आपल्याच लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये तो अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. जगभरचे डॉक्टर अजून त्याचा दाखला देतात. आता अंगाला उंचीची सवय व्हावी म्हणून बारा हजार फुटांपर्यंत सहा दिवस, पंधरा हजारांपर्यंत आणखी चार आणि त्यावर आणखी चार, असा हिशोब असतो.

मी तरुणपणी तिसऱ्याच दिवशी चोरून व्हॉलीबॉल खेळलो. रात्री डोकं असं फुटायला लागलं की ओकाऱ्या थांबेनात. उस्तादांनी सकाळी माझी मोजणी परत पहिल्या दिवसापासून सुरू केली आणि लंगरमध्ये बटाटे सोलायला बसवलं. ती मात्र शिक्षा होती.

फोनवर त्याला एवढंच विचारा : डोकं दुखतं का, झोपल्यावर दम लागतो का, खोकला येतो का. हो म्हणाला तर लपवू नको, लगेच सांग, म्हणावं. आणि धपाटे पाठवू नका, पोचेपर्यंत कडक होतात. शेंगदाण्याची चटणी टिकते.