फायनल फँटसी १०: पाळी बघून खेळ

गेम २००१ चा आहे म्हणून सोपा समजू नकोस. तू विचार करतोस तोवर शत्रू थांबतो, तेव्हा घाई कसली? आधी उजवीकडची यादी बघ, पुढच्या पाळ्या कुणाच्या ते तिथेच दिसतं. हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र टाकलास की आपली माणसं त्या यादीत वर सरकतात.

कंट्रोलरवरचं एल-वन बटण दाबून लढाई चालू असतानाच गडी बदल. आलेला लगेच वार करू शकतो. उडणाऱ्या शत्रूंना आपल्या गटातला वाक्का, कवचवाल्यांना ऑरन. वॉटर फ्लॅन या लिबलिबीत शत्रूवर मात्र जादूगार लुलूची वीजच. तलवार चालवणं म्हणजे पाण्यात काठी मारणं. आणि जमेल तेव्हा गटातल्या प्रत्येकाला एकदा तरी पाळी दे, विशेषतः युनाला. बाकावर बसून एपी, म्हणजे कौशल्य वाढवायचे गुण, मिळत नाहीत.